वाचकांचे प्रश्न : रान आपलं, बंदुका आपल्या, मग पेंटबॉलला फी कशाला?

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की पेनसिल्व्हेनियात असताना आम्ही एका मित्राच्या घरामागच्या झाडीत पेंटबॉल खेळायचो, तिकीट नाही फी नाही काही नाही. त्यावर एवढे मेल आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका. ज्यांना हा प्रकार माहितीच नाही त्यांच्यासाठी, गॅसच्या दाबावर चालणारी गन, तिच्यात रंग भरलेल्या गोळ्या, गोळी अंगावर फुटली की तुम्ही आऊट. बास एवढाच खेळ.

दादा, आम्ही ऑफिसचे १२ जण दर हिवाळ्यात मुळशीकडे पेंटबॉलला जातो. माणशी ४० गोळ्या देतात त्या दहा मिनिटांत संपतात, मग जादा गोळ्यांचे वेगळे पैसे, आणि मैदान म्हणाल तर टेनिस कोर्टाला मोठा भाऊ. माझ्या चुलत्यांची पौडच्या पुढे ४ एकर आहे, भात निघाला की रिकामीच पडून असते. आपल्याच गन घेऊन तिथे खेळलो तर काय हरकत आहे? — पुण्यातून एक वाचक

हरकत कसली, हा खेळ जन्मलाच तसा! २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या झाडीत १२ जण (तुमच्याइतकेच बघा) पहिला गेम खेळले, तेव्हा पेंटबॉलचं मैदान नावाची गोष्ट जगात नव्हती. हातात होती नेलस्पॉट ००७, म्हणजे कापायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायची गन. एका वेळी एक गोळी, मग पुन्हा खेचा आणि पुन्हा मारा. रंगही तेव्हा ऑइलचा, टर्पेंटाइनशिवाय निघायचा नाही. आणि जिंकला कोण, तर रिची व्हाइट नावाचा जंगलाच्या कामातला माणूस, ज्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही, गुपचूप सगळे झेंडे गोळा करून आला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ४० गोळ्या दहा मिनिटांत संपतात ही तुमची तक्रार आहे ना, ती जागेची तक्रार आहे, गोळ्यांची नाही. टेनिस कोर्टात माणूस दुसरं करणार काय, दाबत सुटणार. मोठ्या रानात प्रत्येकाला मोजून २० गोळ्या द्या, दोन तास पुरतील आणि डबा ऐसपैसची मजा येईल.

आता हरकत नाही म्हटलं खरं, पण मेल वाचल्या वाचल्या माझं लक्ष गेलं ते ‘चुलत्यांची’ या शब्दावर. सातबाऱ्यावर नावं किती आहेत? एकट्या चुलत्यांचं असेल तर ठीक. पाच भाऊ तीन बहिणी असतील आणि त्यातल्या एका काकांशी बोलणं बंद असेल तर तुमचा गेम सुरू व्हायच्या आधी त्यांचा फोन जाईल पोलिसांना, की माझ्या जमिनीत बंदुका घेऊन पोरं आलीत. आणि खोटं तरी कुठे आहे, आलेलीच आहेत. म्हणून सगळ्यांना आधी विचारा, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला सांगा, आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला की अमुक रविवारी असा असा खेळ आहे, आवाज येईल घाबरू नका, बघायला या. मिलिटरीचे ठिपक्यांचे कपडे घालून जाऊ नका. लाल निळे टीशर्ट घाला, फोटो वाईट येतील तर येऊ देत.

मग येतं गन विकत घ्यायचं. इथे घाई करू नका. आपल्याकडे छऱ्याच्या एअरगनला लायसन्सची जी सूट आहे ती ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंत (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी) आणि २० जूल ताकदीपर्यंत. पेंटबॉलची गोळी १७ मिलिमीटरची! त्यामुळे ‘एअरगनच तर आहे, लायसन लागत नाही’ असं दुकानदार म्हणाला की मान डोलवून पैसे देऊ नका, आधी पोलिसांच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. परदेशातून बॅगेत घालून आणायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिली दोन वर्षं विकत काही घेऊच नका. तुम्ही जिथे जाता तिथल्याच किंवा दुसऱ्या एखाद्या ऑपरेटरला विचारा, की गन मास्क गोळ्या आणि तुमचा एक माणूस असं दिवसभरासाठी आमच्या रानात घेऊन याल का. कंपन्यांच्या पिकनिकला बरेच जण असं सामान नेतात. पण त्या माणसावर पैसे वाचवू नका. मैदानाची फी महाग वाटते कारण आपल्याला वाटतं आपण गोळ्यांचे पैसे देतोय. खरे पैसे असतात शिट्टी गळ्यात घालून उन्हात उभ्या राहिलेल्या त्या एका पोराचे, जो तुमच्या मॅनेजरला पण ‘सर मास्क खाली’ असं ओरडून सांगतो. तुमच्यातला कोणी मॅनेजरवर ओरडणार आहे का? नाही ना.

आता जागा. १ एकर चौकोनी तुकडा म्हणजे एक बाजू साधारण ६४ मीटर. गोळी नेम धरून ३०-४० मीटरच लागते पण नळी वर करून मारली तर ९० मीटरच्या आसपास जाऊन पडते, म्हणजे एकरभर जागेत मधे उभं राहून मारलेली गोळी सुद्धा शेजारच्यांच्या हरभऱ्यात. तुमचे ४ एकर चौकोनी असतील तर १२७ मीटर बाजू, त्यात मधला एखादा एकर खेळायचा, बाकीची जागा नुसती गोळ्या पडायला सोडायची, नळी वर करून मारलेली मात्र तरीही बाहेर जाऊ शकते. रस्ता, वस्ती, गोठा ज्या बाजूला असेल त्या बाजूला तोंड करून कुठल्याच टीमने सुरुवात करायची नाही. प्रेक्षक बसणार तिथे शेतकी दुकानातली हिरवी शेडनेट दुहेरी लावा आणि सैल सोडा. ताणून बांधली तर गोळी जाळीवर फुटते आणि रंगाचा फवारा आरपार येतो, सैल असली की जाळी मागे जाते आणि गोळी तशीच खाली टपकते. जाळी लावली म्हणून मागे बसलेल्यांनी मास्क काढायचा असं मात्र नाही.

आणि एक चक्कर स्वतः मारा, खेळायच्या आदल्या दिवशी, चुलत्यांना बरोबर घेऊन, कारण रानात काय कुठे आहे ते त्यांनाच माहिती. कठडा नसलेली विहीर आहे का? असेल तर ती बाजूच बंद, दोरी बांधून. मास्क घातला की माणसाला पायाजवळचं आणि कडेचं दिसत नाही, आणि मागे मागे सरकताना तर काहीच दिसत नाही. मोटरच्या उघड्या वायरी, गवतात लपलेली काटेरी तार, भाताची वाळलेली धसकटं (पोटावर झोपायच्या आधी हात फिरवून बघा, खिळ्यासारखी असतात). पेंढ्याच्या गंजीमागे लपायला फार छान वाटतं पण थंडीत घोणस पण तिथेच येते, त्यामुळे काठीने आपटल्याशिवाय गंजीत हात घालायचा नाही. आणि झाडाकडे मान वर करून बघा. आग्या मोहोळ असेल तर ते झाड काय, ती अख्खी दिशा सोडून द्या. पेंटबॉल मोहोळाला लागली तर मग गन, मास्क, ऑपरेटरचा माणूस कोणी काही करू शकत नाही.

मित्रांकडून डिझेल-गोळ्यांची वर्गणी काढलीत तर ती आपसातली गोष्ट झाली. पण चार विकेंड गेले आणि चुलते म्हणाले की आपण पाचशे रुपये माणशी घेऊन चालूच करू, तर तो धंदा झाला. मग शेतजमिनीचा बिगरशेती वापर, ग्रामपंचायत, विमा सगळं आलं, शिवाय राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात असले उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितलीय. तेव्हा पुन्हा मेल करा.

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, मित्रांच्या फार्महाऊसवर खेळायला जातो. मास्क घालून गुदमरतं, काच धुरकट होते म्हणून हे सगळे जण कॉलेजच्या लॅबचे गॉगल लावून खेळतात. चालतं का? — नाशिकहून एक आई

नाही चालत. ताई, हे एवढं एक वाक्य वाचून कॉलम बंद केलात तरी चालेल.

कारण सांगतो म्हणजे मुलाला सांगता येईल. टेनिसचा बॉल डोळ्यावर आला तर भुवईचं आणि गालाचं हाड तो अडवतं, डोळ्याच्या खोबणीपेक्षा तो मोठा असतो. पेंटबॉल १७ मिलिमीटरची, हाडाला न लागता सरळ आत. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. लॅबचा गॉगल ॲसिडचा थेंब अडवायला केलेला असतो, एका फटक्यात तो निघून तरी जातो नाहीतर फुटून तुकडे डोळ्यात. पेंटबॉलमध्ये डोळे गेलेल्या लोकांमध्ये बहुतेकांनी त्या क्षणी मास्क घातलेला नव्हता किंवा काढलेला होता, आणि अशा गोष्टी मैदानापेक्षा अशाच घरगुती खेळात जास्त होतात.

काढलेला होता हे महत्त्वाचं. आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात एक तेलुगू मित्र होता, अतिशय सावध माणूस, कार चालवताना सुद्धा ताशी ५५ मैलांच्या वर जायचा नाही. ऑगस्टमधली दमट दुपार, गेम संपला असं त्याला वाटलं, झाडामागे उभा राहून मास्क कपाळावर सरकवला आणि शर्टच्या टोकाने काच पुसायला लागला. गेम संपला नव्हता. पलीकडून एकाने हालचाल बघून मारली ती त्याच्या कानाच्या वर, केसात लागली, तीन बोटं पुढे असती तर डोळाच. गुलाबी रंग गालावरून ओघळत होता आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं रक्त. त्या दिवसानंतर आमचा नियम झाला की गेम संपल्यावर एकच जण तीनदा ओरडणार, मग सगळ्यांनी गनच्या नळीवर कापडी टोपी चढवायची, ती प्रत्येकाची डोळ्यांनी बघायची, आणि मगच मास्क. काच धुरकट झाली तर हात वर करून आऊट व्हायचं आणि चालत बाहेर यायचं. हरलात तर हरलात.

धुरकट होण्यावर उपाय आहे, दुहेरी काचेची लेन्स येते थर्मल म्हणून, आतल्या बाजूला ओल धरत नाही. महाग असते. मित्रांनी मिळून सहा मास्क चांगले घेतले तर सहा-सहाच्या पाळीने खेळता येतं. काच पुसायला घरातला अमोनियावाला निळा ग्लास क्लीनर वापरू नका, त्याने लेन्सचं प्लॅस्टिक कमजोर होतं, साधं पाणी आणि मऊ फडकं बास. आणि जवळून जोरात एकदा बसली की लेन्स बदलायची, चरा दिसत नसला तरी.

काका, आम्ही एडिसनहून पेनसिल्व्हेनियात शिफ्ट झालो, घरामागे ६ एकर वुड्स आहेत. मुलीच्या बर्थडेला १४-१५ वर्षांची आठ मुलं बोलावून तिथेच पेंटबॉल करायचं म्हणतेय. फील्डवर गेलं तर खूपच महाग पडतं. आपलीच प्रॉपर्टी आहे तर परमिशन कोणाची लागणार? — एक वाचक, अमेरिका

प्रॉपर्टी तुमची आहे पण आठ मुलं लोकांची आहेत. तिथे वर्षानुवर्षं राहून सुद्धा आपल्या लोकांना ही गोष्ट अंगवळणी पडत नाही, कारण आपल्याकडे शेजारच्या पोराला आपल्या अंगणात लागलं तर त्याची आई हळद लावते आणि आपल्यालाच चहा विचारते. तिथे वकील लागतो. तर आधी घराच्या इन्शुरन्सवाल्याला फोन करून सरळ विचारा, पेंटबॉल कव्हर होतं का, आणि उत्तर ईमेलवर मागा. मग टाउनशिपच्या ऑफिसात विचारा, गनसारखी वस्तू घराच्या आवारात चालवण्याबद्दल प्रत्येक गावाचे वेगळे नियम असतात, सोसायटीची असोसिएशन असेल तर त्यांचे वेगळे. प्रत्येक मुलाच्या आईबाबांची सही घ्या, मुलाची नको, आईबाबांची. आणि कोणाकडूनही दहा डॉलर सुद्धा घेऊ नका, पैसे घेतले की इन्शुरन्सवाला त्याला बिझनेस म्हणायला मोकळा.

गन भाड्याने आणलीत तर गाडीतून कशी आणायची याचा पेनसिल्व्हेनियात चक्क कायदा आहे. गोळ्या काढलेल्या, गॅस तोडलेला किंवा बंद, नळी बंद केलेली, आणि गन गुंडाळून नाहीतर हाताला येणार नाही अशी ठेवलेली. मला हे तेव्हा जरा अती वाटायचं. मग एकदा आमच्यातल्या एकाने मागच्या सीटवर तशीच टाकली होती, गॅस स्टेशनवर थांबलो आणि पलीकडच्या बाईंचा चेहरा बघितला, तेव्हापासून वाटत नाही.

बर्थडे कधी आहे ते लिहिलं नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबर असेल तर विसरा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारपासून तिथे रायफलने हरणांची शिकार सुरू होते, आणि त्या दिवसांत वुड्समध्ये पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालून वाकून पळणारी मुलं, नको विचारच नको. मे-जून असेल तर टिक्स, गोचिड हो, पँट मोज्यात खोचायची आणि संध्याकाळी प्रत्येक मुलाने अंघोळ करताना काखा जांघा बघायच्या, लाइम डिसीज तिथे काही दुर्मीळ नाही. सप्टेंबरचा शेवट ऑक्टोबरची सुरुवात सगळ्यात चांगली, फक्त तेव्हाही धनुष्यबाणवाले शिकारी हिंडत असतात, शेजारच्या जमिनीत कोण येतं ते विचारून घ्या.

मुलं लहान आहेत तर .५० कॅलिबरच्या, म्हणजे लहान गोळीच्या, हलक्या गन मागा, कमी लागतात. तीन मीटरच्या आत आलं तर मारायचं नाही, ‘सरेंडर’ म्हणायचं. आणि दोन मोठी माणसं मास्क घालून आत उभी, मोबाईल बाहेर ठेवून.

सर, आमच्याकडे तीन जुन्या गन आहेत, एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून रीतसर लिलावात घेतल्या. गनच्या बाटलीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) फायर एक्स्टिंग्विशरवाल्याकडे भरून मिळेल का? आणि गोळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या तर भारी लागतात म्हणे, खरंय का? — इंजिनिअरिंग सेकंड इयर, सांगली

फ्रीजरचं आधी सांगतो. गोळी ठिसूळ होते, वाकडी होते, नळीत फुटते आणि रंगाने नळी बरबटली की पुढची गोळी कुठेही जाते, तुझ्या नेमाची वाट लागते. आणि ‘भारी लागतात’ म्हणजे कोणाला, मित्रालाच ना? मग?

सिलिंडरचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. तू मेकॅनिकलचा असशील नसशील पण हे समजेल. सीओटू बाटलीत द्रवरूपात असतो, २० डिग्रीला दाब ५७ बारच्या आसपास, ३० डिग्रीला ७२ च्या. म्हणजे डिसेंबरात सकाळी साडेसातला तू गनचा वेग मोजलास, बरोबर २८० फूट सेकंदाला आला, आणि दुपारी उन्हात ठेवलेली तीच बाटली लावलीस तर वेग कुठल्या कुठे. ३४० झाला म्हण, वेग वाढला २१ टक्के पण माराची ताकद जाते वेगाच्या वर्गाने, म्हणजे जवळपास ४७ टक्के जास्त. बरगडीखाली बांगडीएवढं निळं वर्तुळ घेऊन मी दोन आठवडे कुशीवर झोपू शकलो नव्हतो आणि ती गन आम्ही सकाळी मोजलेली होती. त्यामुळे क्रोनोग्राफ हवाच, वेग मोजायचं छोटं यंत्र असतं, नळीसमोर धरायचं. सकाळी मोजा, जेवणानंतर मोजा, ३०० च्या वर गेली की ती गन बसली बाहेर. क्रोनोग्राफ नसेल तर खेळू नकोस, एवढं माझं ऐक.

भरून मिळेल का, तर भरणारा म्हणेल ‘आण की’. पण बाटलीवर टेस्टची तारीख कोरलेली आहे का बघ, पाच वर्षांच्या पुढे गेली असेल तर हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने बाटलीची तपासणी) झाल्याशिवाय भरायची नाही. आणि बाटली परदेशातून आलेली असेल तर आपल्याकडच्या गॅस सिलिंडर नियमांनुसार नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता असलेलीच बाटली भरता येते. बंद पडलेल्या रिसॉर्टची म्हणतोस, म्हणजे किती वर्षं गंजत पडली होती कोणास ठाऊक. अजून एक, बाटली गनमधून फिरवून काढताना बाटलीच्या गळ्याशी बघ, व्हॉल्व आणि बाटली दोन्ही बरोबर फिरतायत ना. नेलपॉलिशची एक रेघ दोघांवर मिळून ओढून ठेव. रेघ तुटलेली दिसली तर व्हॉल्वच बाटलीतून सुटतोय, तिथेच थांब. असा व्हॉल्व सुटून बाटली रॉकेटसारखी उडाल्याने अमेरिकेत माणसं मेलीत. बाकी गन रीतसर घेतल्या असतील तर कागद कुठेत? वर पहिल्या उत्तरात परवाना शाखेचं लिहिलंय ते तुलाही लागू.

घरची शेती आहे, नातवंडं दिवाळीत हे खेळणार म्हणतात. आमच्याकडे माळकरी वातावरण. ती गोळी कशाची असते? अंगणात गाईगुरं आहेत. — एक आजी, पंढरपूर

आजी नमस्कार. खरं सांगायचं तर वरचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या कॅप्सूलसारखं, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेलं. आतला रंग पाण्यात विरघळणारा, कपड्याचा धुतला की जातो. खायची वस्तू नाही हे तर आलंच, पण माळ घालणाऱ्यांना हातात घ्यायची नसेल तर त्यांचं त्यांनी ठरवावं, नातवंडांनी हट्ट करू नये.

गुरं त्या दिवशी दुसरीकडे बांधा. आणि कुत्रं असेल तर त्याची काळजी गुरांहून जास्त, कारण गोळी गोडसर असते आणि कुत्री ती मिटक्या मारत खातात. आतल्या द्रवाने त्यांच्या अंगातलं पाणी आतड्यात खेचलं जातं, उलट्या, जुलाब, मग चालताना झोकांड्या, जास्त खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. असं काही दिसलं तर थांबू नका, जनावरांच्या डॉक्टरांना ‘पेंटबॉल खाल्ली’ असं स्पष्ट सांगा. खेळ झाल्यावर न फुटलेल्या गोळ्या नातवंडांनाच वेचायला लावा, एक गोळी एक चकली असा भाव ठेवलात तर एकही राहणार नाही.